क्लायंटच्या मोबाइल सिक्युरिटी शीटमधले शब्द: ४२ फोनांसाठी ‘हो/नाही’ काय भरायचं?

गोदी_आयटी

नमस्कार मंडळी. बॅलार्ड इस्टेटमधली क्लिअरिंग-फॉरवर्डिंग फर्म आहे. फील्डची माणसं न्हावा शेवा आणि सहार कार्गोला असतात. एकूण ४२ फोन: ३१ अँड्रॉइड, ११ आयफोन. २४ फोन कंपनीने दिलेले (त्यात सगळे आयफोन आले), १८ स्टाफचे स्वतःचे. ऑफिसचा मेल सगळ्यांवर आहे. केवायसीचे स्कॅन, इनव्हॉइस, बिल ऑफ एंट्रीच्या (आयात मालाच्या कस्टम्स कागदाच्या) कॉप्या व्हॉट्सॲपवरून फिरतात. सध्या एमडीएम (सगळे फोन एका जागेवरून सांभाळायची यंत्रणा) नाही.

एका मोठ्या क्लायंटने व्हेंडर सिक्युरिटीची एक्सेल शीट पाठवली आहे. प्रत्येक ओळीला हो/नाही आणि पुढे पुरावा. या ओळींवर गाडी अडली आहे:

१. डेटा ॲट रेस्ट (फोनमध्ये साठवलेला डेटा): एन्क्रिप्शन फुल डिस्क की फाइल बेस्ड?
२. किल्ल्या हार्डवेअर-बॅक्ड आहेत का? की एस्क्रो (किल्लीची जपून ठेवलेली प्रत) कोणाकडे?
३. डेटा इन ट्रान्झिट: टीएलएस की एंड-टू-एंड?
४. ओनरशिप मॉडेल: बीवायओडी, कोप की फुली मॅनेज्ड?
५. रिमोट वाइप (फोन दुरून पुसणं): फुल की सिलेक्टिव्ह?
६. फिप्स १४० व्हॅलिडेटेड आहे का?

अँड्रॉइडपैकी सहा फोन ८ आणि ९ आवृत्तीवरचे आहेत, बाकीचे ११ च्या पुढचे. डोळे मिटून ‘हो’ भरायचं नाहीये, ऑडिटला माणूस येणार आहे.

---

शिवडी_सायफर

पहिल्या दोन ओळी घेतो, कारण बाकीच्या चार त्यावरच उभ्या आहेत.

‘फोन एन्क्रिप्टेड आहे का’, म्हणजे डेटा किल्लीशिवाय वाचता येत नाही ना, याचं उत्तर आजच्या जवळजवळ प्रत्येक फोनला ‘हो’ येतं, त्यामुळे ऑडिटर त्यावर थांबणार नाही. तो दोन गोष्टी विचारेल: डेटा ज्या किल्लीने बंद आहे ती कशातून तयार होते, आणि फोन हातातून गेला तेव्हा ती किल्ली मेमरीत उघडी होती का.

फुल डिस्क म्हणजे सगळं युजर पार्टिशन एकाच किल्लीने बंद. अँड्रॉइडची ही जुनी पद्धत. त्यात एक फट होती. ‘सिक्युअर स्टार्टअप’, म्हणजे फोन सुरू होतानाच पिन मागणं, चालू केलेलं नसेल तर किल्ली तुमच्या पिनऐवजी एका ठरलेल्या डीफॉल्ट पासवर्डवर आणि हार्डवेअरवर बेतलेली असायची. स्क्रीनला पिन आहे म्हणून डेटाला पिन आहे, असं तिथे गृहीत धरता येत नाही. आणि ते चालू केलं तर रीस्टार्टनंतर पिन टाकेपर्यंत ना कॉल येणार, ना अलार्म वाजणार, म्हणून लोक ते बंदच ठेवायचे.

फाइल बेस्ड अँड्रॉइड ७ पासून आली (२०१६). यात दोन कप्पे असतात. एक डिव्हाइसच्या किल्लीने उघडतो, रीस्टार्ट होताच. अलार्म, फोन ॲप वगैरे त्यावर चालतं. दुसरा युजरच्या पिन किंवा पासवर्डशिवाय उघडत नाही, आणि मेल, फोटो, ॲपचा डेटा या दुसऱ्यात असतो. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या नव्या फोनांना फाइल बेस्ड सक्तीची झाली, आणि १३ मध्ये फुल डिस्कचा आधारच काढून टाकला. आता यातली मेख अशी की ८ किंवा ९ वर विकला गेलेला फोन अपडेट होऊन ११ वर आला तरी आतली पद्धत जुनीच राहू शकते. म्हणून आवृत्ती बघून शीट भरू नका. यूएसबी डीबगिंग चालू करून एडीबी शेलमध्ये (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायच्या खिडकीत) गेटप्रॉप ही आज्ञा चालवा आणि क्रिप्टो टाइपची ओळ शोधा. ‘फाइल’ आलं तर फाइल बेस्ड, ‘ब्लॉक’ आलं तर फुल डिस्क. तिथेच क्रिप्टो स्टेटची ओळ ‘एन्क्रिप्टेड’ दाखवते का तेही बघा. त्या स्क्रीनचा फोटो हाच तुमचा पुरावा. काम झालं की डीबगिंग बंद करा, हे लोक हमखास विसरतात.

ते सहा जुने फोन मात्र आधी बाजूला काढा. अँड्रॉइड ९ पर्यंत ज्या स्वस्त फोनांचा प्रोसेसर एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीत सेकंदाला ५० एमबीच्या आसपासही पोचत नव्हता, त्यांना एन्क्रिप्शनच्या सक्तीतून सूट होती. म्हणजे ‘अनएन्क्रिप्टेड’ असं उत्तर खरोखर येऊ शकतं. पुढे २०१९ मध्ये गूगलने अशा कमकुवत प्रोसेसरसाठी ॲडिअँटम ही हलकी एन्क्रिप्शन पद्धत आणली आणि ती सूट संपली.

आयफोनला हा प्रश्नच चुकीच्या साच्यातला आहे. तिथे प्रत्येक फाइलला वेगळी किल्ली असते आणि त्या किल्ल्या चार वर्गांपैकी एकात गुंडाळलेल्या असतात. बाहेरच्या ॲपचा डेटा, डेव्हलपरने वेगळं काही ठरवलं नसेल तर, ‘पहिल्यांदा अनलॉक होईपर्यंत बंद’ या वर्गात पडतो. शीटमध्ये ‘फाइल बेस्ड, पासकोडशी जोडलेली’ असं लिहा. पुराव्यासाठी सेटिंग्जमध्ये फेस आयडी व पासकोडच्या पानावर अगदी तळाला ‘डेटा प्रोटेक्शन इज एनेबल्ड’ ही ओळ असते. पासकोड नसेल तर ती ओळ दिसतच नाही.

आता ‘बीएफयू’ आणि ‘एएफयू’. ऑडिटर हे शब्द नक्की काढेल. रीस्टार्टनंतर एकदाही अनलॉक न झालेला फोन बीएफयूमध्ये, एकदा उघडून पुन्हा लॉक झालेला एएफयूमध्ये. एएफयूमध्ये स्क्रीन लॉक दिसते, पण बहुतेक किल्ल्या मेमरीत तयार असतात. फॉरेन्सिकची महागडी यंत्रं याच अवस्थेवर जगतात. आयओएस १८.१ पासून तीन दिवस न उघडलेला आयफोन आपोआप रीस्टार्ट होऊन बीएफयूमध्ये जातो, ते यासाठीच. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे: खिशातला चालू फोन हा नेहमी एएफयू धरा.

पिनची लांबी. आयफोनमध्ये पासकोडचा एक प्रयत्न तपासायला हार्डवेअर मुद्दाम सुमारे ८० मिलिसेकंद लावतं. मधले थांबे आणि दहा चुकांची मर्यादा कोणी कशीतरी टाळली असं धरलं, तर ४ आकडी पिनचे सगळे १०,००० पर्याय १३-१४ मिनिटांत संपतात. ६ आकड्यांना २२ तास लागतात. लहान अक्षरं आणि अंक मिळून ६ चिन्हांचा पासवर्ड ठेवला तर साडेपाच वर्षांच्या वर. म्हणून धोरणात ‘किमान ६ आकडे’ लिहा, आणि केवायसी हाताळणाऱ्यांना अक्षरांसकट पासवर्ड द्या. बोटाचा ठसा किंवा चेहरा पासकोडची जागा घेत नाही. तो उघडायची सोय आहे, किल्ली पासकोडचीच. रीस्टार्टनंतर फोन ठसा घेत नाही तो त्यामुळेच.

हार्डवेअर-बॅक्ड: किल्ली मुख्य अँड्रॉइडच्या हाती न देता प्रोसेसरच्या वेगळ्या सुरक्षित भागात (टीईई) किंवा स्वतंत्र चिपमध्ये ठेवणं. त्या स्वतंत्र चिपच्या सोयीला अँड्रॉइडमध्ये स्ट्राँगबॉक्स म्हणतात, ती ९ पासून आहे आणि सगळ्या फोनांत नसते. आयफोनमध्ये सिक्युअर एन्क्लेव्ह, ५एस पासून (२०१३). यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. बोर्ड जळाला आणि लॅमिंग्टन रोडच्या कारागिराने मेमरी चिप उचलून दुसऱ्या बोर्डवर बसवली, तर काम कितीही सफाईचं असो, डेटा उघडणार नाही. किल्लीचा अर्धा भाग जुन्या प्रोसेसरमध्येच राहिला. बॅकअप नसेल तर विषय संपला.

की एस्क्रोची ओळ लॅपटॉपच्या शीटमधून उचललेली दिसते. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कंपनी जपून ठेवते, तसलं काही फोनला नसतं. ‘लागू नाही, किल्ल्या डिव्हाइसबाहेर जात नाहीत’ असं लिहा. एमडीएम आल्यावर पासकोड काढण्याची किंवा बदलण्याची आज्ञा देता येते, ती वेगळी सोय आहे. तिचं टोकन आधीच नोंदलेलं असावं लागतं. पासकोड विसरल्यावर धावपळ करून ते बनवता येत नाही.

मेमरी कार्डाचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. साध्या ‘पोर्टेबल’ कार्डावर एन्क्रिप्शन नसतं. कार्ड काढलं, रीडरला लावलं, सगळे स्कॅन समोर. सॅमसंगमध्ये कार्ड एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय आहे, पण फॅक्टरी रीसेट मारलात की किल्ली जाते आणि कार्ड कायमचं मुकं होतं. सोपा उपाय म्हणजे कंपनीच्या फोनांतून कार्ड काढून घेणं.

---

ठाणे_लोकल_होस्ट

एवढी शीट पाठवणाऱ्यांनी स्वतःच्या रिसेप्शनवरचा टॅब कधी तपासलाय का, हा वेगळा धागा काढावा लागेल. 😀

तिसरी ओळ पटकन. टीएलएस म्हणजे फोन ते सर्व्हर बंद, सर्व्हरवर उघडं. एंड-टू-एंड म्हणजे सर्व्हरलाही वाचता येत नाही. तुमचा मेल पहिल्यात बसतो, व्हॉट्सॲपचे मेसेज दुसऱ्यात. मेलच्या सेटिंगमधले पोर्ट प्रत्येक फोनवर बघा: आयमॅप ९९३, एसएमटीपी ४६५ किंवा ५८७. जुन्या फोनांवर ११० किंवा १४३ हे जुने, उघडे पोर्ट कुणीतरी तसंच ठेवलेलं सापडतं. त्याहून वाईट म्हणजे ‘सगळी सर्टिफिकेट स्वीकारा’ हा पर्याय. हा टिक केलेला असला की टीएलएस नावापुरतं उरतं, मध्ये बसलेला कोणीही स्वतःचं सर्टिफिकेट दाखवून पासवर्ड वाचू शकतो. होस्टिंगवाल्याचं सर्टिफिकेट डोमेनशी जुळत नाही म्हणून कोणीतरी तो टिक करतं आणि पुढची पाच वर्षं तो तसाच राहतो. सर्टिफिकेट दुरुस्त करून घ्या, टिक काढा. सर्व्हरवर टीएलएस १.० आणि १.१ बंद असले पाहिजेत. ते २०२१ मध्येच अधिकृतपणे बाद झाले.

व्हॉट्सॲपचं ‘एंड-टू-एंड: हो’ लिहिताना बॅकअपची ओळ विसरू नका. गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या चॅट बॅकअपला एंड-टू-एंड वेगळं चालू करावं लागतं (ही सोय २०२१ पासून आहे). पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली हरवली तर तो बॅकअप व्हॉट्सॲपही उघडून देत नाही. कंपनीच्या फोनांची ती किल्ली ऑफिसच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये गेलीच पाहिजे.

---

अंधेरी_एंडपॉइंट

चौथी आणि पाचवी ओळ एकत्रच बघावी लागते. फोन कोणाचा आहे यावरून किती पुसता येईल ते ठरतं.

बीवायओडी: फोन स्टाफचा. कंपनीचा अधिकार फक्त कामाच्या कप्प्यावर. अँड्रॉइडमध्ये हा कप्पा म्हणजे वर्क प्रोफाइल, ब्रीफकेसच्या छोट्या खुणेची ॲप्स. त्याच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या वेगळ्या असतात, लॉकही वेगळं ठेवता येतं. इथे वाइप म्हणजे सिलेक्टिव्ह: प्रोफाइल उडतं, घरचे फोटो राहतात.

कोप: फोन कंपनीचा, पण खाजगी वापराला मुभा. अँड्रॉइड ११ पासून हे ‘कंपनीच्या फोनवरचं वर्क प्रोफाइल’ या रूपात चालतं. खाजगी बाजूला काय आहे ते ॲडमिनला दिसत नाही, पण फोन पूर्ण पुसता येतो.

फुली मॅनेज्ड: खाजगी बाजूच नाही. डॉकवर फक्त स्कॅनिंग आणि कंटेनर ट्रॅकिंगला दिलेले फोन असतील तर हेच घ्या.

तुमच्या १८ जणांना पहिलं, २४ पैकी अँड्रॉइडना कोप. आयफोन सगळे कंपनीचे आहेत म्हणता, तर ते सुपरव्हाइज्ड (कंपनीच्या जास्त कडक ताब्यातले) करा. त्याशिवाय लॉस्ट मोड (हरवलेला फोन दुरून लॉक करून शोधणं) मिळत नाही आणि ॲप गुपचूप टाकता येत नाही.

आता खरी अडचण. तुमचे केवायसी स्कॅन व्हॉट्सॲपवर आहेत, म्हणजे ते खाजगी बाजूच्या गॅलरीत आहेत. स्टाफच्या फोनवर सिलेक्टिव्ह वाइप मारलंत तरी त्यातला एकही फोटो हलणार नाही. शीटवर ‘सिलेक्टिव्ह वाइप: हो’ लिहिलंत आणि ऑडिटरने एक फोन मागून गॅलरी उघडली, तर सगळी शीट संशयात जाईल. वर्क प्रोफाइलच्या आत व्हॉट्सॲप बिझनेस टाका, त्यावर कंपनीचा नंबर चालवा, आणि चॅट सेटिंगमध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा. पक्षकारांना नवा नंबर कळवायला महिनाभर जाईल. तो महिना गृहीत धरून तारीख द्या.

नोंदणी करताना कुठे अडतं ते सांगतो.

स्टाफच्या अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल रीसेट न करता बसतं. कंपनीच्या फोनांना मात्र फॅक्टरी रीसेट लागतो: पहिल्या वेलकम स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टॅप करा, क्यूआर स्कॅनर उघडतो. रीसेटपूर्वी फोनमधलं गूगल अकाउंट काढा. रिकव्हरी मेनूतून थेट पुसलात तर फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन जुन्या अकाउंटचा पासवर्ड मागतं, आणि ते अकाउंट नोकरी सोडून गेलेल्याचं असलं की बसा फोन लावत. काही ब्रँडच्या फोनांत बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली एमडीएमचं ॲप मागच्या मागे मारलं जातं. ऑटोस्टार्ट चालू करा आणि त्या ॲपवरचा बॅटरीचा निर्बंध काढा, नाहीतर एमडीएमच्या कन्सोलवर (ॲडमिनच्या पडद्यावर) फोन ‘चार दिवसांपूर्वी दिसला’ असाच राहतो. कमी रॅमच्या गो आवृत्तीच्या फोनांवर वर्क प्रोफाइल बहुधा बसत नाही, नवीन घ्यायचे तर आधी एक नग आणून बघा.

आयफोनसाठी ॲपल बिझनेस मॅनेजरचं खातं काढा. त्याला कंपनीचा डी-यू-एन-एस (कंपनी ओळखायचा) क्रमांक लागतो, तो हातात नसेल तर आजच अर्ज करा. दुकानातून सुटे घेतलेले फोनही दुसऱ्या आयफोनवरच्या ॲपल कॉन्फिगरेटरने आत घेता येतात, पण पुसावे लागतात. आणि पहिले ३० दिवस वापरणाऱ्याला मॅनेजमेंटमधून बाहेर पडता येतं. त्या काळातला ‘सुपरव्हाइज्ड’ हा शिक्का पक्का समजू नका.

ॲपलचं पुश सर्टिफिकेट (यावरच एमडीएमचे निरोप आयफोनला पोचतात) वर्षाने संपतं. ते ज्या ॲपल अकाउंटने काढलं त्याच अकाउंटने नूतनीकरण करायचं. दुसऱ्या अकाउंटने नवं काढलंत तर अकराच्या अकरा फोनांची नोंदणी पुन्हा. म्हणून ते खातं कोणाच्या खाजगी मेलवर नको, ‘एमडीएम@’ अशा सामायिक पत्त्यावर असू द्या, आणि संपायच्या महिनाभर आधीची आठवण दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका.

मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम आधीच घेत असाल तर इन्ट्यून (मायक्रोसॉफ्टचं एमडीएम) त्यातच आहे, वेगळं काही विकत घेऊ नका. त्यात फोन नोंदवल्याशिवाय फक्त आउटलुक आणि टीम्सवर पिन, कॉपी-पेस्टची बंदी आणि वाइप लावता येतं. त्याला मॅम (फोनऐवजी फक्त ॲप सांभाळणं) म्हणतात. फोनला हात लावू देणार नाही म्हणणाऱ्या स्टाफसाठी ही तडजोड चालते. फक्त शीटवर तिला एमडीएम म्हणू नका.

---

गोदी_आयटी

खूपच कामाचं. ३६५ आहे, पण स्टँडर्ड. एक विचारायचं राहिलं: क्लायंट म्हणतो ‘डिव्हाइस लॉस्ट प्रोसीजर’ एका पानावर द्या. आमची माणसं हार्बर लाइनने फिरतात, फोन जातात. आधी सिम बंद की आधी वाइप?

---

कुर्ला_कारशेड

आधी फोनला आज्ञा, मग सिम. उलट केलं तर आज्ञा फोनपर्यंत पोचतच नाही. वाइप हा फोनने इंटरनेटवरून उचलायचा निरोप आहे, कन्सोलवर ‘पेंडिंग’ दिसणं म्हणजे पुसलं जाणं नव्हे. निरोप पोचला की काम क्षणात होतं, कारण फोन फाइली पुसत बसत नाही, किल्ल्या नष्ट करतो. ६४ जीबी असो नाहीतर ५१२, वेळ तेवढाच.

पण त्याआधी लोकलच्या दारात हातावर बसणारा चोराचा फटका लक्षात घ्या. हातातून उडवलेला फोन अनलॉक असतो. तिथे वरची सगळी एन्क्रिप्शनची चर्चा लागूच होत नाही, चोराच्या हातात उघडं घर आलंय. त्यावर तीन गोष्टी: स्क्रीन ३० सेकंदांत लॉक होऊ द्या, मेल आणि व्हॉट्सॲपला ॲपचं स्वतंत्र लॉक लावा, आणि अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनांवर गूगल सेटिंग्जमधलं ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ चालू करा. हिसका बसून पळापळ झाल्याचं सेन्सरवरून ओळखून ते स्क्रीन बंद करतं. दर वेळी ओळखेलच असं नाही. आयफोनला ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ (आयओएस १७.३ पासून) चालू करा, म्हणजे पासकोड बघितलेल्या चोरालाही ॲपल अकाउंटचा पासवर्ड लगेच बदलता येत नाही.

लॉक स्क्रीनवरून एअरप्लेन मोड लावता येतो हे चोरांना पाठ आहे. आयफोनमध्ये लॉक असताना कंट्रोल सेंटर बंद करा, एमडीएमवरून एका टिकवर होतं. सॅमसंगमध्ये लॉक असताना नेटवर्क बंद करायला पिन मागण्याचा पर्याय आहे. सिम काढून दुसऱ्या फोनात घालून ओटीपी घेणं हा पुढचा डाव, त्याला सिम पिन. लावण्यापूर्वी डीफॉल्ट पिन सिम कंपनीकडून खात्रीने घ्या, अंदाजाने टाकू नका. तीन चुका झाल्या की पीयूके (सिम कंपनीचा सुटकेचा कोड) मागतं, आणि तोही दहा वेळा चुकला की सिम टाकून द्यायचं.

तुमच्या एका पानाचा क्रम असा ठेवा.

फोन गेल्याचं कळताच कन्सोलवरून लॉक किंवा लॉस्ट मोड. शेवटचा चेक-इन किती वाजता होता तो लिहून ठेवा, पुढे सगळे तेच विचारतात.

त्याच बैठकीत अकाउंटच्या बाजूने सेशन रद्द करा (म्हणजे फोनवरचं लॉगिन तोडा) आणि पासवर्ड बदला. फोन बंद असला, सिम काढलेलं असलं, तरी हे सर्व्हरवर लागू होतं. सगळ्या यादीत खात्रीचं पाऊल हेच, आणि घाईत लोक हेच विसरून वाइपच्या बटणाकडे बघत राहतात.

मग वाइप. कंपनीचा फोन असेल तर फुल, स्टाफचा असेल तर सिलेक्टिव्ह. आज्ञा पोचल्याची खूण दिसेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबा. फोन ऑफलाइन दिसत असेल तर थांबू नका, सिम बंद करा, कारण तेव्हा बँकेचे ओटीपी जास्त महत्त्वाचे. सिमचा पिन आधीच लावलेला असेल तर ही दहा मिनिटं निवांत मिळतात.

नंतर डुप्लिकेट सिम. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, हा सिम स्वॅपच्या फसवणुकीवरचा नियम आहे. व्हॉट्सॲप परत घेताना कॉलने पडताळणी निवडा. नव्या फोनावर नोंद झाली की जुन्यावरचं आपोआप बाहेर पडतं.

पोलिसांत तक्रार: गाडीत किंवा फलाटावर चोरी झाली तर लोहमार्ग पोलीस, बाहेर झाली तर स्थानिक ठाणं. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन.

सगळ्यात शेवटी संचार साथी या सरकारी पोर्टलवर सीईआयआरमध्ये (मोबाइलच्या केंद्रीय नोंदवहीत) आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक. तक्रारीची प्रत लागते, आणि ओटीपी त्या डुप्लिकेट सिमवर येतो, म्हणजे पुन्हा तेच २४ तास. हे शेवटी का, तर आयएमईआय ब्लॉक झाला की भारतातल्या कुठल्याच मोबाइल नेटवर्कवर फोन लागत नाही, मग अडकलेला वाइप फक्त वायफायची वाट बघत बसतो. दोन सिमच्या फोनाला दोन आयएमईआय असतात, दोन्ही द्या. ४२ फोनांवर आजच स्टार-हॅश-०६-हॅश दाबून रजिस्टर बनवा. फोन गेल्यावर खोका शोधण्यात अर्धा दिवस जातो.

त्या पानावर आणखी दोन मुदती हव्यात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा ब्रीच किंवा अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. दुसरी मुदत क्लायंटच्या करारातली, ती बहुधा २४ तासांच्या आत असते. फोन कधी गेला, तेव्हा तो लॉक होता की उघडा, वाइपची पावती कितीला आली, या तीन नोंदींवरच ‘नुसता फोन हरवला’ की ‘डेटा फुटला’ ते ठरतं. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. सुरक्षेच्या उपायांत एन्क्रिप्शनचं नाव घेतलंय, आणि कायद्यात हलगर्जीला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. मालकांना एमडीएमचा खर्च पटवताना हा आकडा उपयोगी पडेल.

---

शिवडी_सायफर

सहावी ओळ राहिली.

फिप्स १४० हे अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं मानक. तपासला जातो तो फोन नव्हे, त्यातलं क्रिप्टोग्राफीचं मॉड्यूल, आणि तेही ठरावीक आवृत्तीचं. ‘कम्प्लायंट’ म्हणजे विकणारा म्हणतो, ‘व्हॅलिडेटेड’ म्हणजे प्रयोगशाळेने तपासून प्रमाणपत्र क्रमांक मिळाला. शीटमध्ये दुसरा शब्द आहे, म्हणून निस्टच्या सार्वजनिक यादीत मॉड्यूलचं नाव शोधा आणि क्रमांक लिहा. ॲपलची कोअरक्रिप्टो मॉड्यूल आणि सॅमसंगची मॉड्यूल तिथे सापडतात, आवृत्ती जुळते का ते बघा. बाकी स्वस्त अँड्रॉइडना सरळ ‘नाही’. शोधताना १४०-२ आणि १४०-३ यांत गल्लत करू नका. १४०-२ ची प्रमाणपत्रं ऐतिहासिक यादीत टाकण्याची तारीख २१ सप्टेंबर २०२६ ठरलेली आहे, त्यामुळे १४०-३ चा क्रमांक मिळत असेल तर तोच द्या. तुमचा क्लायंट भारतीय असेल तर ही ओळ बहुधा परदेशी पालक कंपनीच्या साच्यातून आली आहे. ती त्यांच्यासाठी बंधनकारक आहे का, हे एका मेलमध्ये विचारून घ्या. अनेकदा ‘लागू नाही’ चालतं.

एमडीएमच्या ब्रोशरमध्ये ‘मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन’ दिसेल. त्याचा अर्थ एईएस-२५६, जे आजच्या बहुतेक फोनांत आधीच असतं. त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. आणि कुठे एईएस-१२८ दिसलं म्हणून घाबरू नका, ते कोणी फोडलेलं नाही. ४ आकडी पिन मात्र रोज फुटतो.

---

गोदी_आयटी

गेटप्रॉप चालवलं. सहा जुन्यांपैकी दोन ‘अनएन्क्रिप्टेड’, तीन ‘ब्लॉक’, एक ‘फाइल’. ११ च्या पुढच्यांतही दोन ‘ब्लॉक’ निघाले. आता या सात फोनांचं शीटवर काय लिहू?

---

अंधेरी_एंडपॉइंट

दोन अनएन्क्रिप्टेड आजच मेलमधून बाहेर काढा: सर्व्हरवरून त्यांची सेशन रद्द करा आणि फोन रीसेट करून साध्या कॉलिंगला ठेवा. रीसेट केल्याने तिथे पडलेला जुना डेटा खात्रीने जातो असं समजू नका. किल्लीच नव्हती, त्यामुळे नष्ट करण्यासारखं काही नाही. म्हणून ते विकू नका आणि एक्सचेंजलाही देऊ नका.

‘ब्लॉक’वाल्या पाचांवर सिक्युअर स्टार्टअप चालू करा, ६ आकडी पिन लावा. ज्यावर तो पर्याय सापडत नाही, त्याचाही मेल काढा. शीटवर पहिल्या ओळीला ‘अंशतः’ लिहा. खाली अपवादांची यादी जोडा: मॉडेल, आयएमईआयचे शेवटचे चार आकडे, तात्पुरता उपाय, बदलण्याची तारीख. तारीख पाळता येईल अशीच टाका, ऑडिटर पुढच्या खेपेला तीच ओळ आधी उघडतो. आणि नवे पाच-सात फोन घ्याल तेव्हा खोक्यावरच्या अँड्रॉइड आवृत्तीपेक्षा सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.